आयोनायझर घेताय? आधी मागच्या भिंतीकडे बघा

आमच्या हॉलमध्ये हवा स्वच्छ करायचं आयोनायझर मशीन लावून तीनेक महिने झाले असतील, नवीन वर्षाचं कॅलेंडर लावायला जुनं काढलं तर खाली लख्ख पांढरी चौकट आणि आजूबाजूची भिंत काळपट! आधी वाटलं ओल आलीये. मग लक्षात आलं की हे सगळं मशीनच्या मागेच जास्त आहे. दुकानदार म्हणाला होता ना, फिल्टर नाही, मेंटेनन्स नाही. बरोबरच होतं त्याचं, फिल्टरचं काम आमची भिंत करत होती.

आता हे चालतं कसं ते बघू. डब्यात एक बारीक सुई नाहीतर कार्बन फायबरचा छोटा ब्रश असतो, त्याला काही हजार व्होल्टचा निगेटिव्ह दाब दिलेला असतो (करंट मात्र अगदी नगण्य). टोकाशी इलेक्ट्रॉन हवेत सुटतात, ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतात, झाला निगेटिव्ह आयन, म्हणजे चार्ज असलेला कण. हे आयन धुळीच्या, धुराच्या कणांना जाऊन धरतात, कणावर चार्ज येतो आणि मग तो कण भिंत, पडदा, टीव्हीची काच जे जवळ असेल त्याला जाऊन चिकटतो. काही कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणजे धूळ हवेतून गेली, घरातून नाही गेली. पुसली नाहीत तर पंख्याच्या वाऱ्याने, सोफ्यावर धपकन बसल्याने थोडी परत उडणारच.

फायदा अजिबात नाही असं नाही हं. बारीक धूर, धूळ, परागकण हवेतून कमी होऊ शकतात, आवाज नाही, वीज जेमतेम काही वॉट. पण दुकानातला तो डेमो बघून भाळू नका, काचेच्या बरणीत उदबत्तीचा धूर भरतात, मशीन लावतात आणि दोन मिनिटांत बरणी स्वच्छ. बरणी पाच लिटरची धरली तरी तुमची दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची पकडून, जवळपास ३४,००० लिटरची होते. हिशोब करा! शिवाय गॅसचा वास, नवीन रंगाचा वास, कोंदलेल्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड यावर आयनचा काही इलाज नाही, तिथे खिडकी उघडणं आणि किचनचा एक्झॉस्ट लावणं हेच. दमा असेल तर ह्याने आराम पडतो असं अभ्यासांमध्ये काही दिसलेलं नाही. धबधब्याजवळ निगेटिव्ह आयन जास्त असतात हे खरंय, लेनार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ सालीच ते दाखवलं होतं, पण भुशी डॅमला जे फ्रेश वाटतं त्यात आयनांपेक्षा गरम भज्यांचा वाटा मोठा असावा असं माझं मत.

खरी काळजी आहे ओझोनची. सुईच्या टोकाशी आयन बनताना थोडा ओझोन हा उग्र वायूही बनतो. झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापल्यावर तो उग्र वास यायचा ना, तोच. घसा खवखवतो, खोकला येतो, दम्याच्या माणसाला जास्त त्रास. कॅलिफोर्नियात घरगुती मशीनला ०.०५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) वर ओझोन सोडायला बंदी आहे. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, ती पण साधारण तेवढीच होते. आणि एक गंमत (गंमत कसली), लिंबाच्या वासाच्या फ्लोअर क्लीनरमधल्या लिमोनीनशी ओझोनची रिअॅक्शन होऊन फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो. म्हणून फरशी पुसताना मशीन बंदच ठेवा.

नाकाला दोन मिनिटांत सवय होते, त्यामुळे वास तपासायचा तर खोली बंद करून तासभर मशीन चालवा, तुम्ही बाहेर जाऊन या, आणि दार उघडल्या उघडल्या पहिला श्वास घ्या. उग्र वास आला की ते मशीन घरात नको. "ओझोन प्युरिफायर" म्हणून जे मुद्दाम ओझोन सोडणारं विकतात ते तर माणसं असलेल्या खोलीत लावूच नका.

घ्यायचंच असेल तर बॉक्सवर यूएल २९९८ (कमी ओझोनचं प्रमाणपत्र) लिहिलंय का बघा, त्यात ओझोन ५ पीपीबीच्या, म्हणजे ०.००५ पीपीएमच्या आत लागतो. त्यापेक्षा साधा हेपा फिल्टरवाला (बारीक कण अडवणारी जाळी असलेला) प्युरिफायर घ्या, त्यात आयनचं वेगळं बटण असलं तर ते बंद ठेवा, फिल्टर आपलं काम करतोच. आयोनायझर आधीच घरात असेल तर उशाशी ठेवू नका, भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा, खिडकी थोडी उघडी राहू द्या. गाडीत लावायचे छोटे प्लग मिळतात ते मला पटत नाहीत, जागा एवढीशी, त्यात काचा बंद.

महिन्यातून एकदा प्लग काढून, थोडा वेळ थांबून सुई किंवा ब्रश कोरड्या कॉटन बडने हलकेच पुसा, तिथे केसासारखी धूळ जमते आणि मग मशीन तडतड आवाज करायला लागतं.

आणि भिंत काळी झालीच तर लगेच ओलं फडकं घेऊन धावू नका, काजळीसारखं पसरतं. आधी कोरड्या मऊ कापडाने टिपा, मग साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने. हे प्लास्टिक पेंटला चालतं. आमचं डिस्टेंपर होतं, काळं निघालं पण बरोबर रंगही आला, आता तिथे नवीन कॅलेंडर जरा मोठ्या साइजचं लावलंय.