चिखल्यांचं मलम: खाज थांबली तरी लावत राहा

मी फार्मासिस्ट आहे. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेला माणूस काउंटरवर येऊन बहुतेक वेळा एकच मागणी करतो, "खाज लगेच थांबेल असं मलम द्या." मला काळजी वाटते ती याच मागणीची. झटपट आराम देणाऱ्या मिश्र मलमांत अनेकदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असं नाव दिसलं, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका. स्टेरॉइडने लाली उतरते, खाज जाते, पण चिखल्या ज्या बुरशीमुळे होतात ती पसरत राहते आणि तिचं रूप इतकं बदलतं की नंतर ओळखणंही अवघड होतं.

साधी, एकाच औषधाची ट्यूब घ्या: टर्बिनाफाइन १% किंवा क्लोट्रिमाझोल १%.

आधी पाय धुवा आणि नीट कोरडे करा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचक फाकवून बघा; पांढरी पडलेली, भिजल्यासारखी कातडी बहुधा तिथेच असते. ती सोलायची नाही, टॉवेलच्या टोकाने हलकेच टिपायची. हा टॉवेल इतर अंगाला लावू नका. मग मलमाचा पातळ थर द्या, खराब दिसणाऱ्या भागापलीकडे साधारण २ सेंटीमीटरपर्यंत, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. बोटांमध्ये पांढरा लगदा साचला तर मलम जास्त झालं. त्याने ओल आणखी वाढते. शेवटी हात साबणाने धुवा.

किती दिवस लावायचं? टर्बिनाफाइन बुरशीला मारतं, म्हणून बोटांमधल्या चिखल्यांना बहुधा १ आठवडा पुरतो. क्लोट्रिमाझोल मुख्यतः तिची वाढ रोखतं. ते दिवसातून २-३ वेळा, साधारण ४ आठवडे लावावं लागतं. खाज त्याच्या कितीतरी आधी थांबते आणि लोक नेमकं तेव्हाच मलम बंद करतात. कृपा करून असं करू नका. पायाला घाम येत असेल तर मोजे रोज बदला आणि बूट एक दिवसाआड घाला, म्हणजे ते आतून वाळतील.

नखं जाड, पिवळी झाली असतील तर या मलमाने ती सहसा बरी होत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावं लागतं. मधुमेह असेल, पू किंवा सूज दिसत असेल, लाली पायावर वर चढत असेल, तर मलम लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी पाय दाखवा.