कॉमनवेल्थमधलं बॅडमिंटन : जुने निकाल वाचायचे कसे

स्पर्धा परीक्षेसाठी म्हणा, क्विझसाठी म्हणा नाहीतर नुसती हौस म्हणून, कॉमनवेल्थ गेम्समधलं बॅडमिंटन बघायला बसलं की बहुतेक जण भारताच्या पदकांची यादी उघडतात आणि वरून खाली पाठ करत सुटतात. असं करू नका. पाठ होतं, पण कुठलं गोल्ड भारी आणि कुठलं त्यामानाने सोपं हे काही कळत नाही. आधी बघायचं की खेळायला कोण आलंच नव्हतं.

चीन नाही, इंडोनेशिया नाही, कोरिया, जपान, डेन्मार्क कोणीच नाही, कारण हे देश कॉमनवेल्थमध्येच नाहीत. उरले मलेशिया, इंग्लंड, भारत, सिंगापूर, कॅनडा वगैरे. शिवाय ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटन म्हणून जी एकच टीम येते ती इथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स अशी वेगवेगळी खेळते, त्यामुळे १९९८ ला क्वालालंपूरमध्ये मुंबईच्या अपर्णा पोपटला महिला एकेरीच्या फायनलला हरवणारी केली मॉर्गन वेल्सची दिसली तर दचकू नका. म्हणून ही पदकं फालतू का? अजिबात नाही, मलेशिया समोर असताना फुकट काही मिळत नाही. पण ऑलिंपिकच्या ब्राँझशी तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

मग एका कागदावर वर्षं लिहून काढा. सुरुवात १९६६, जमैकातलं किंग्स्टन, तेव्हा या गेम्सचं नावही वेगळं होतं, ब्रिटिश एम्पायर अँड कॉमनवेल्थ गेम्स. पुरुष एकेरीचं गोल्ड मलेशियाच्या तान ऐक हुआंगला आणि ब्राँझ आपल्या दिनेश खन्नाला. आता यात नंदू नाटेकर का नाहीत असं विचारणारे भेटतात. अहो, नाटेकरांनी मलायात जाऊन परदेशातलं पहिलं विजेतेपद मिळवलं ते १९५६ ला, तेव्हा कॉमनवेल्थमध्ये हा खेळच नव्हता. यादीत नाव नाही म्हणजे खेळाडू छोटा असं होत नाही.

१९७८ चं एडमंटन मात्र ठळक करून ठेवा. प्रकाश पदुकोणचं गोल्ड, इंग्लंडच्या डेरेक टॅलबॉटला हरवून, आणि त्याच गेम्समध्ये अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांचं महिला दुहेरीचं ब्राँझ, जे सगळे विसरतात. ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा प्रकाशने जिंकली ती त्यानंतर, १९८० ला, हा क्रम भलेभले उलटा सांगतात. पुढचं गोल्ड १९८२, ब्रिस्बेन, सय्यद मोदी. तिथून पुरुष एकेरीत थेट २०१४ ला ग्लासगोमध्ये पारुपल्ली कश्यप, म्हणजे मध्ये ३२ वर्षं गेली.

आता स्कोअर, इथेच सगळे फसतात. जुन्या पद्धतीत गेम १५ चा, महिला एकेरीत ११ चा, आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. तुम्ही रॅली जिंकलात पण सर्व्हिस समोरच्याची असेल तर फक्त सर्व्हिस तुमच्याकडे येणार, स्कोअर आहे तिथेच. त्यामुळे कागदावर १५-५ दिसलं तरी दमछाक दोघांचीही झालेली असू शकते, आणि आजच्या २१-५ सारखं ते धुऊन काढलं असं समजायचं नाही. त्यातच १३-१३ झाले की सेटिंग, म्हणजे गेम लांबवायची मुभा, घेऊन गेम १८ पर्यंत जायचा, म्हणून जुन्या निकालात १८-१६ दिसलं तर छपाईची चूक नाही ती. २००६ मध्ये नियम बदलले, प्रत्येक रॅलीला पॉइंट आला आणि गेम २१ चा झाला. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून कोण किती वरचढ हे ठरवू नका, प्लीज.

दुसरी भानगड मिश्र सांघिक आणि मिश्र दुहेरीची. मिश्र दुहेरी म्हणजे एक पुरुष, एक महिला अशी जोडी. सांघिक म्हणजे देश विरुद्ध देश, त्यात पाच मॅचेस, तीन जिंकल्या की काम झालं. सांघिक प्रकार १९७८ ला आला, १९९८ ला मात्र पुरुष आणि महिला सांघिक वेगळे होते. हे वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर २०१८ चं गोल्ड कोस्ट कळणारच नाही. तिथे सांघिक फायनलला किदांबी श्रीकांतने मलेशियाच्या ली चाँग वेईला सरळ दोन गेममध्ये हरवलं, भारताने मलेशियाला ३-१ ने नमवून पहिल्यांदा सांघिक गोल्ड घेतलं, आणि पुढे काही दिवसांतच पुरुष एकेरीच्या फायनलला त्याच ली चाँग वेईने पहिला गेम सोडूनही श्रीकांतला हरवलं. दोन्ही निकाल खरे आहेत, रकाना वेगळा.

अशाच जोड्या शोधत गेलात तर मजा येते. सिंधू २०१४ च्या सेमीला कॅनडाच्या मिशेल लीकडून हरली, ब्राँझवर थांबली, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या फायनलला समोर तीच, यावेळी सिंधू २१-१५, २१-१३. चिराग शेट्टी, आपला मुंबईचा, पुरुष दुहेरीत सात्विकसाईराज रंकीरेड्डीसोबत २०१८ ला सिल्व्हर आणि २०२२ ला गोल्ड.

२०२२ पर्यंत तुमच्या कागदावर १५ ओळी होतील, एकही गेम्स चुकलेले नाहीत. २०२६ च्या ओळीत ग्लासगो लिहा आणि पुढे रेघ मारा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने यजमानपद सोडल्यावर कमी खर्चात दहाच खेळ ठेवायचे ठरलं आणि त्यात हॉकी, कुस्ती, नेमबाजीबरोबर बॅडमिंटनही गेलं. भारताची हमखास पदकं ज्यात यायची नेमके तेच खेळ कापले, याचा राग आला तर साहजिक आहे.

कागद झाला की एक मॅच बघायला घ्या, २०१० ची दिल्ली, महिला एकेरी फायनल, साइना विरुद्ध मलेशियाची वाँग म्यू चू. पहिला गेम १९-२१ गेलेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून २३-२१, तिसरा २१-१३. तो गेम्सचा शेवटचा दिवस होता, हॉकीच्या फायनलला आपण ऑस्ट्रेलियाकडून ८-० खाल्ले होते, आणि साइनाचं गोल्ड भारताचं ३८ वं, इंग्लंडची ३७. त्या एकाने आपण पदकतालिकेत दुसऱ्या नंबरवर गेलो. हायलाइट्सवर भागवू नका, दुसरा गेम १५-१५ च्या आसपासून पुढे सलग बघा.