लंगडणारी ढोलकी

महाल भागातली भाड्याची खोली, जुना कॉम्प्युटर, मे महिन्याचा नागपुरी उकाडा आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी ट्रॅक बनवायचं काम, अशी माझी सुरुवात. पहिलाच ट्रॅक ऐकून ढोलकीवाले काका म्हणाले, "बाबू, तुयी मशीन लंगडून राह्यली." मी त्यांना स्क्रीन दाखवली. क्वांटाइझ केलेला, म्हणजे सॉफ्टवेअरने तालाच्या रेषेवर ओढून बसवलेला, प्रत्येक ठोका जागच्या जागी होता. काकांनी तिकडे बघितलंही नाही.

मग मोजलं. तुम्हीही नवा इंटरफेस (कॉम्प्युटरला माइक-स्पीकर जोडणारी पेटी) घ्यायच्या आधी हे एकदा करा. सॅम्पल रेट ४८००० (सेकंदाला आवाजाचे इतके ठिपके, म्हणजे सॅम्पल), टेम्पो मिनिटाला १२० मात्रा, सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टिचकीसारखा एकच आवाज, आणि एका मात्रेत चार असे सलग ठोके. ते ऑडिओत उतरवा, झूम करा आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजा. प्रत्येक वेळी ६००० सॅम्पल यायला हवेत. माझ्याकडे येत होते ६१४४, आणि सात-आठ ठोक्यांतून एकदा ५१२०.

दोन्ही आकडे १०२४च्या पटीतले, आणि माझा बफरही १०२४चाच! सॉफ्टवेअर आवाज थेंबाथेंबाने नाही, बादलीबादलीने बनवतं, आणि बफर म्हणजे त्या बादलीचं माप. कोणता स्वर बादलीत नेमका कुठे पडायचा, हे सीक्वेन्सर (कोणता ठोका कधी, याचा हिशोब ठेवणारा भाग) सॅम्पलरला सांगतो. माझा सॅम्पलर ते ऐकतच नव्हता, सगळं बादलीच्या तोंडाशी ओतून मोकळा. त्यामुळे ठोका २१ मिलिसेकंदांपर्यंत सरकायचा.

नवे लोक लेटन्सीलाच, म्हणजे आवाज यायला लागणाऱ्या उशिरालाच, घाबरतात. पण दहा मिलिसेकंदांचा कायमचा उशीर म्हणजे वादक साडेतीन मीटर लांब बसला, इतकंच. हाताला त्याची सवय होते. जिटरची, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या उशिराची, होत नाही, कारण तो दर ठोक्याला वेगळा. (कीबोर्डकडून कॉम्प्युटरला स्वरांचे निरोप नेणारी मिडी केबलही निर्दोष नाही. १९८३ पासून तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराला जवळपास एक मिलिसेकंद जातो.)

बफर ६४ केला, तर चूक सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास आली, पण कॉम्प्युटर तडतडायला लागला. शेवटी त्याचा भार हलका करायला बाकीचे ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे आधीच ऑडिओत उतरवून ठेवले, आणि पुढे सॅम्पलरच बदलला.

तरी काका म्हणाले, "आता सरळ चालते, पण मांगं मांगं." ही चूक माझीच. त्यांच्या थापा मीच रेकॉर्ड केल्या होत्या आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला नऊ मिलिसेकंदांची शांतता कापायची राहिली होती.