लहान रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना कोरोनाची लागण टाळण्यासाठी: खिडकी, मास्क आणि चहाची खोली

कोविड वॉर्डात शिरताना सगळेच सावध असतात. लागण गाठते ती बरेचदा ओपीडीत, केसपेपरच्या खिडकीशी, एक्स-रेच्या बंद खोलीत आणि एकत्र चहा पिताना. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतली काही खासगी रुग्णालयं कर्मचारीच बाधित झाल्यामुळे बंद ठेवावी लागली होती. ग्रामीण रुग्णालय असो की तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल, पैसा आणि माणसं अपुरी असतील तर क्रम असा ठेवा: आधी हवा, मग मास्क, मग रजा आणि सवयी. फरशी पुसण्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

हवा मोजा

हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी. इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) किंवा सक्शन (कफ ओढून काढणं) होतं तिथे १६० लिटर. खिडक्यांमधून किती हवा येते याचा अंदाज टेप आणि कॅल्क्युलेटरवर काढता येतो.

समजा आठ खाटांचा वॉर्ड आहे, समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या आहेत. दोन्ही बाजूंचा उघडा भाग मोजा आणि जो कमी भरेल तो घ्या. इथे २ चौरस मीटर धरू. वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटर. समोरासमोरच्या खिडक्यांसाठी ठरलेला गुणक ०.६५, आणि घनमीटरचे लिटर करायला १०००. मग ०.६५ × १ × २ × १००० म्हणजे सेकंदाला १३०० लिटर, दर रुग्णामागे सुमारे १६२. डासांची जाळी असेल तर निम्मे धरा, ८१. आणि खिडक्या एकाच भिंतीला असतील तर ०.६५ च्या जागी ०.०५ येतो: जाळी नसली तरी दर रुग्णामागे जेमतेम १२ लिटर. म्हणजे समोरचं दार किंवा झडप उघडी ठेवणं हा महागड्या यंत्रांपेक्षा मोठा उपाय आहे. स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, तेव्हा काचेचं नव्हे, उघडलेल्या भागाचंच माप घ्या.

वारा पडला की हा हिशेब कोसळतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, खिडक्याच लावून घेतात. अशा वेळी दाराच्या समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवा, हवा थेट इमारतीबाहेर फेकणारा. कॉरिडॉरमध्ये फेकणारा नको, तिथेच नातेवाईक बसलेले असतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याला वायुवीजन समजू नका. श्वासातून सोडलेली हवा किती साचते ते कार्बन डायऑक्साइड मीटरवर कळतं. तो मिळाला तर खोलीत माणसं असताना आकडा ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८००) खाली राहतो का पाहा. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो.

ही सगळी मेहनत क्षयरोगापासूनही तुमच्या माणसांना वाचवते. तो धोका कोरोनाच्या आधीपासून आहे आणि अजून गेलेला नाही.

मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे

एन९५ ची गाळणी चांगली असली तरी कडेने फट राहिली की हवा तिथूनच शिरते. खरेदी करताना आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण पाहा आणि शक्यतो डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क घ्या. कानात अडकवायचा प्रकार बहुतेकांना सैल बसतो. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची मानेवर. नाकाची तार दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेला दाबत न्या. एका हाताने चिमटली की तिला टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढीवर कोणताही एन९५ बसत नाही.

एकाच मापाचे खोके मागवू नका. बारीक चेहऱ्याच्या सिस्टरना मोठं माप दिवसभर गळतं. आणि खोकल्याचा रुग्ण ज्या खोलीत आहे तिथे झाडू मारणाऱ्या मावशी, ट्रॉली ढकलणारे मामा यांनाही एन९५ द्या, साधा सर्जिकल नव्हे. त्यांना कमी दर्जाचा मास्क देण्याला कसलाही आधार नाही; त्या खोलीतली हवा तेही तेवढीच घेतात.

तुटवडा असेल तर प्रत्येकाला पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या द्या, पिशवीवर नाव आणि वार लिहा. आज वापरलेला मास्क पाच दिवसांनी पुन्हा निघेल. एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा घालू नका. धुणं किंवा स्पिरिट मारणं नको: धाग्यांवरचा विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकद घटते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल टिकते, म्हणून कागदच.

नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणारं यंत्र) जमेल तिथे स्पेसरसह (पंपाला जोडायची नळी) पंप वापरा. स्वॅब घेताना रुग्णाच्या समोर न राहता बाजूला उभे राहा.

किट उतरवताना

इथे लागण झालीच तर ती बहुधा घाई केल्याने होते. आधी ग्लोव्हज, हात चोळा, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत. खोलीबाहेर येऊन चष्मा, आणि सगळ्यात शेवटी मास्क, पट्ट्यांना धरून. पुन्हा हात: सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. समोर एक जण क्रम वाचून दाखवायला हवा. बहुतेक कामांना गाऊन पुरतो. पूर्ण कव्हरऑलमध्ये उकाड्याने माणूस बेजार होतो आणि अशा अवस्थेत नकळत हात चेहऱ्याकडे जातो. मास्क आणि टोपी पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज, चष्मा आणि प्लास्टिकचा एप्रन लाल पिशवीत.

फरशीला १ टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) पुरेसं: ५ टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी, रोज ताजं. ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर असेल तर लिटरला ३३ ग्रॅम. टॉयलेटच्या अ‍ॅसिडशी मिसळू नका, विषारी वायू निघतो. माणसांवर तर कधीच फवारू नका.

चहा आणि रजा

ड्युटी रूममध्ये चौघे मास्क काढून बसले की वॉर्डातली सगळी काळजी वाया जाते. चहा-डबा व्हरांड्यात किंवा झाडाखाली, पाळीपाळीने. झोपायच्या खोलीत खाटा लांब आणि खिडकी उघडी.

कंत्राटी कामगाराचा खाडा झाला की रोजंदारी कापली जाते, म्हणून तो ताप लपवतो. लक्षणं असलेल्याची रजा भरपगारी ठेवा आणि हे ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर कोणी ताप सांगत नाही. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली पण खोकला-ताप आहे, तर ४८ तासांनी पुन्हा करा आणि तोवर त्या व्यक्तीला कामावर बोलावू नका.