दोन पोरांचं भांडण मिटवायचं असेल, तर त्यांना लगेच समोरासमोर बसवू नका

इंदूरच्या मराठी घरांत पोरांचं भांडण मिटवायची रीत ठरलेली आहे. दोघांना बैठकीत बोलवायचं, काकांनी किंवा मंडळाच्या अध्यक्षांनी चार शब्द सुनवायचे, 'चला, मिळवा हात' म्हणायचं, आणि मग पोहे. आठवड्याभरात भांडण पार्किंगमध्ये पुन्हा पेटतं, कारण हात मिळवले होते ते काकांच्या धाकाने. मध्यस्थाने निकाल द्यायचा नसतो. पोरांना स्वतःच तोडगा काढता येईल एवढी सोय करून द्यायची असते.

समजा, रामबागेतल्या गणेश मंडळाची सतरा वर्षांची दोन पोरं आहेत. एकाचा ढोलावर ताल चुकला, दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलर धरली गेली.

१. आधी राग उतरू द्या

ग्रुपच्या ॲडमिनला सांगून व्हिडिओ काढायला लावा, नाहीतर दर नव्या कमेंटला राग पुन्हा चढेल. छाती धडधडत असताना 'शांत हो' म्हणून कोणी शांत होत नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो, त्यामुळे या वयात ब्रेक उशिरा लागतो. निदान वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. दुसरा दिवस उजाडला तर उत्तमच. तोवर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं काही वेळ करून घ्या. श्वास सावकाश सोडला की नाडी मंदावते. 'उशीवर गुद्दे मार, राग निघून जाईल' हा सल्ला मात्र देऊ नका. प्रयोगांत दिसलंय की तसं करून राग उतरत नाही, उलट धुमसत राहतो.

२. दोघांना वेगवेगळं भेटा

खरं काम इथेच होतं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घरी, आईच्या देखत नको. नेहरू पार्कात फेऱ्या मारत बोला. शेजारी चालताना पोरं जितकी मोकळी होतात तितकी समोर बसून होत नाहीत. सुरुवातीलाच सांगा: 'तू बोललास ते माझ्यापाशी राहील. पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मला सांगावं लागेल.' ही अट नंतर सांगितली तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

'का केलंस?' विचारलं की पोरगा सफाई देत बसतो. त्यापेक्षा 'त्याच्या आधी काय झालं होतं?' हे विचारा. चिडून हिंदीत सुरू झाला, दोन शिव्या घातल्या, तरी टोकू नका. आपली इंदुरी पोरं रागात मराठी सोडतातच. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: 'म्हणजे चूक झाली त्यापेक्षा सगळे हसले ते जास्त लागलं.' तो 'त्याने सगळ्यांसमोर माफी मागावी' म्हणतो, ती झाली मागणी. तिच्या खाली पथकातून काढतील ही धास्ती असू शकते. व्हिडिओ टाकणाऱ्याचंही काहीतरी निघेलच. कदाचित त्याला पथकात घेतलंच नव्हतं.

मग रागाकडे वळा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हॅको यांनी १९७५ च्या सुमारास राग आवरण्याची जी पद्धत बसवली, तिचं सूत्र असं: राग कशाने चढतो ते ओळखायचं, आवरायचं तंत्र शिकायचं, आणि खोट्या प्रसंगात त्याचा सराव करायचा. 'चढताना आधी कुठे कळतं?' असं विचारा. कुणाचे कान तापतात, कुणाच्या मुठी वळतात. ती खूण पटली की म्हणायचं एक वाक्य ठरवा, 'मी पाच मिनिटांत येतो', आणि ते त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. त्याला हसू येईल, येऊ द्या.

३. मग एकत्र बसवा, दोघांची तयारी असेल तरच

जागा कुणाच्याही घरची नको, बघे नकोत, फोन बंद. एक बोलेल तेव्हा दुसरा ऐकेल, आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं थोडक्यात सांगेल. 'तू नेहमीच असा' याऐवजी 'व्हिडिओ बघून मला मंडळात यायची लाज वाटली' असं बोलायला लावा. आवाज चढला तर थोडं थांबा. आपलं मत मात्र गिळायचं, आणि आपल्या मंडळींना तेच सगळ्यात जड जातं.

४. ठरलेलं लिहून घ्या

त्यांच्याच शब्दांत, एका कागदावर: कोण, काय, कधीपर्यंत. माफी मनापासून आली तर ठीक, मागायला लावू नका. आठवड्याने पुन्हा भेटून काय पाळलं गेलं ते विचारा.

मध्यस्थी कुठे करू नये

हत्यार निघालं असेल, टोळी एकाच्या मागे लागली असेल, तर समेट घडवायला जाऊ नका. दबलेला आणखी दबतो. तातडीला ११२, अठराच्या आतल्यांसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. अल्पवयीन मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तक्रार करणं बंधनकारक आहे, तिथे घरच्या घरी मिटवणं नाही. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकली, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

आणि पोरांचं मिटलं तरी दोन्हीकडचे वडील मिशीला पीळ देत बसले असतील, तर त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१००.