सिडनीहून ब्लू माउंटन्स: गाडीपेक्षा ट्रेन बरी

मित्रांसोबत एका दिवसात ब्लू माउंटन्स करायचं असेल तर सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून तिथल्या कटूंबा गावाची ट्रेन धरा. साधारण दोन तास लागतात. शुक्रवार ते रविवार दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, पण शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे कधीकधी ट्रेनऐवजी बस असते, आदल्या रात्री बघून ठेवा. ओपल कार्ड (चढताना-उतरताना टॅप करून भाडं भरायचं कार्ड) प्रत्येकाचं वेगळं हवं, एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. उतरताना पुन्हा टॅप करायला विसरू नका, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं. डोंगर बघायची मुख्य जागा, एको पॉइंट, कटूंबा स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर. तिथून दिसणारे थ्री सिस्टर्स हे तीन सुळके धुक्यात असतील तर लगेच परतू नका, चहा घ्या, धुकं बऱ्याचदा विरतं. कटूंबा सुमारे 1,000 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सिडनीत उकडत असलं तरी जाकीट घ्याच.