बाळंतपणानंतर अंगावरून किती जातंय, हे घरी कसं मोजावं

"खूप जातंय" एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. किती तासांत किती पॅड, हे त्यांना हवं असतं. म्हणून घरी आल्या दिवसापासून उशाशी वही ठेवा. पॅड बदलला की वेळ, रंग आणि तो कितपत भिजला, एवढंच लिहा. हे काम बाळंतिणीच्या गळ्यात मारू नका. घरातलं कुणीही करू शकतं.

मग रंगाकडे पाहा. पहिले 3-4 दिवस लालभडक, साधारण दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळसर-पांढरं. एकूण 4 ते 6 आठवडे हे चालतं. सिझेरियन झालं असलं तरी जातंच, कारण रक्त येतं ते गर्भाशयातून वार (प्लॅसेंटा) सुटलेल्या जागेवरून.

झोपून उठल्यावर एकदम भळकन गेलं तर बहुतेक वेळा ते आडवं असताना साचलेलं असतं. दूध पाजताना पोटात कळ येऊन थोडं जास्त जातं, तेही चालायचंच: ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे गर्भाशय आकसत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात. तपकिरी झालेलं पुन्हा लाल दिसलं तर आदल्या दिवशी काय उचललं, किती उभं राहिलात ते आठवा (उत्तर बहुधा तिथेच सापडतं) आणि पडून राहा. तरी कमी झालं नाही तर फोन करा.

दर 2-3 तासांनी लघवीला जा, लागली नसली तरी. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला नीट आकसू देत नाही. टॅम्पॉन किंवा पाळीचा कप 6 आठवडे नको.

आता धोक्याचं. सलग दोन तास तासाला एक पॅड चिंब होणं किंवा अंड्याएवढी रक्ताची गाठ पडणं, यात थेट दवाखाना गाठा. सोबत चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर दुसऱ्या तासाची वाट पाहू नका. घाण वास किंवा 38 अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. त्याच दिवशी दाखवा.

रक्तस्रावाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टीही वहीत लिहायच्या. जोराची डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, कारण रक्तदाब बाळंतपणानंतरही चढू शकतो. आणि एकाच पोटरीत दुखणं-सूज किंवा धाप, म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता. दोन्हींत लगेच निघा.

निघताना वही आणि शेवटचा भिजलेला पॅड पिशवीत घालून सोबत न्या.